बंद कुरणाचा राखणदार

हम्मू ऊ-आली काय काम करतो, असं ताझ्रूत गावात कोणी परक्यानं विचारलं, तर लोक हसून सांगायचे, "काम कसलं? उभा राहतो." आणि ते खरंही होतं. वसंतात बर्फ वितळायला लागलं, की डोंगराच्या खांद्यावरचं आमचं कुरण, आगदाल, बंद व्हायचं. गवताला फूल यावं, बी पिकून खाली पडावं, तोवर आत कोणाचं मेंढरू नाही, कोणाचा विळा नाही, कोणाचा पाय नाही. ऊन तापलं की जमातीच्या बैठकीतले म्हातारे दिवस ठरवणार, त्या सकाळी हाक दिली जाणार, आणि मग आमची सगळी आयत उझ्रू जमात कळपांसकट एकदम आत शिरणार. तोपर्यंत चुना फासलेल्या हद्दीच्या दगडांपाशी एक माणूस उभा लागायचा. तो हम्मू.

त्याबद्दल घरटी थोडं लोणी आणि थोडी लोकर मिळायची. त्यावर कोणी श्रीमंत होत नाही, पण हम्मूला श्रीमंतीची हौस नव्हती. त्याला हौस होती ती माणसांना अडवायची. उंच, खांद्यात वाकलेला, डाव्या डोळ्यातून सतत पाणी गळणारा हा माणूस दगडावर काठी आपटून "मागे फीर!" म्हणाला, की हट्टी बोकडसुद्धा मागे फिरायचे. त्याच्या आधी त्याचा बाप तिथंच उभा राहायचा. बाप मेला त्या दिवशी दफन उरकून हम्मू थेट वर गेला, कारण आगदाल बंद होतं आणि मयताच्या गडबडीत कोणी मेंढरं आत घालील अशी त्याला शंका होती. शंका बरोबर निघाली, हेही सांगायला हवं. आम्ही काही फार साधी माणसं नव्हे.

त्याचं नाव पक्कं झालं ते दुष्काळाच्या वर्षी. त्या वसंतात खालचं सगळं रान करपलं होतं आणि त्याच्या घरी गाय नुकतीच व्यायली होती. एका दुपारी त्याला आगदालच्या आतल्या बाजूला एक बाई वाकून गवत कापताना दिसली. अंगावरची लाल पट्ट्यांची चादर त्यानं लांबूनच ओळखली. ती त्याची बायको होती, इत्तो. दुसरं कोणी असावं, असं त्यानं मनात फार मागितलं. मग खाली जाऊन तिचा हात धरला आणि गवताच्या भाऱ्यासकट तिला बैठकीपुढे उभं केलं. दंड एक मेंढी. मेंढी अर्थातच हम्मूच्याच कळपातली गेली. इत्तो त्या साली आगदाल उघडेपर्यंत नवऱ्याशी बोलली नाही, आणि बोलायला लागली ती अशी की न बोलण्याची आठवण यावी.

"ह्यांच्यापेक्षा हद्दीच्या दगडाशी लगीन लावलं असतं तर बरं," ती बायकांत म्हणायची. "तो निदान उन्हाळ्यात वाट सोडतो."

पण तेव्हापासून हम्मूकडे सवलत मागायला कोणी गेलं नाही. ज्यानं बायकोला सोडलं नाही, तो आपल्याला काय सोडणार!

आगदाल बंद ठेवणं हा आमच्याकडे नुसता गवताचा प्रश्न नाही. शेजारची आयत सीमूर जमात आजोबा-पणजोबांपासून म्हणत आली आहे, की हे कुरण मुळात त्यांचं. कितीदा डोकी फुटली. दर वेळी दोन्हीकडची पांढऱ्या दाढीची माणसं सीदी याकूबच्या दर्ग्यात बसायची आणि एकच गोष्ट विचारायची: बंद काळात आत कोणाचं पाऊल पडलं? ज्या जमातीला कुरण रिकामं राखता येतं, कुरण तिचं. चारायला काय, चोरही चारून जाईल. आपल्याच उपाशी मेंढरांना आपल्याच गवतापासून लांब ठेवायचं, हे मालकालाच जमतं. या एका पुराव्यावर आम्ही दर वेळी जिंकलो होतो, आणि त्या जिंकण्यात हम्मूच्या घराण्याचा वाटा मोठा होता.

तूदा वर आली ती अशा एका वसंतात. ती हम्मूच्या चुलतभावाची मुलगी. बेनी मेल्लाल शहरात शिकली, तिथंच राजधानी राबातच्या एका संस्थेच्या शाखेत कामाला लागली, आणि लग्नाचं विचारलं की विषय बदलायची. ती एक नकाशा घेऊन आली होती. कागदाचा नव्हे, फोनमधला. खालच्या खोऱ्यातल्या एका जमातीची जमीन "बेवारस" म्हणून सरकारी कचेरीनं कोणा बागवाल्याला दिली होती, ते ताजं होतं. आमच्याकडे तरी कुठं कागद होते? जमीन आमची, हे आम्हाला ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक आणि सीदी याकूबला ठाऊक. कचेरीला यांपैकी कोणाचीच साक्ष चालत नव्हती.

"म्हणून आपणच लिहायचं," बैठकीपुढे तूदानं समजावलं. "ज्यानं त्यानं आपला फोन घेऊन आपल्या शेताच्या कडेनं चालायचं. रेघ आपोआप उमटते. शेजाऱ्यानं त्याच्या फोनवरून सांगायचं, होय, हे ह्याचंच. पडीक, पाणवठा, चराई, सगळ्याबद्दल प्रश्न आहेत, बायकांनी पण उत्तरं द्यायची. जितकी माणसं एकच गोष्ट सांगतील तितकी ती पक्की. शेकड्यांनी सांगितलं, तर कचेरीला नाही म्हणता येत नाही."

"आणि आयत सीमूरवाले खोटं सांगतील त्याचं काय?" हम्मूनं विचारलं.

"त्यांनी सांगितलं तर आपण जास्त माणसांनी खरं सांगायचं, दद्दा."

हे हम्मूला एकदम पटलं. त्याला फोन म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं, पण पुष्कळ माणसांनी एका सुरात साक्ष द्यायची, हे त्याला दर्ग्यातल्या बैठकींपासून चांगलं कळत होतं.

लोक हौसेनं चालायला लागले. शेताशेतांतून माणसं फोन पुढे धरून सावकाश फिरताना दिसायची, पाळीव कासवामागून चालल्यासारखी. दोन भावांचं बांधावरून भांडण झालं आणि फोनच्या साक्षीनं मिटलं. विधवा राब्हाच्या नावावर तिच्या नवऱ्याचं शेत चढलं, कारण सात शेजारणींनी तिच्या बाजूनं साक्ष दिली. पुरुषांना ते उशिरा कळलं. तूदाचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असायचा.

आगदालभोवतीची रेघ हद्दीच्या बाहेरून चालून काढली. हम्मू पुढे, तूदा मागे. आत पाय टाकायचा प्रश्नच नव्हता, आणि तिनंही विचारलं नाही, कारण तीही शेवटी आमचीच पोरगी. मग प्रश्न आले. तूदा वाचून दाखवत होती.

"सध्या या जमिनीवर कोण चारतं?"

हम्मू असा ताठ झाला की जणू त्याच्या आईवर कोणी संशय घेतला. "कोणी नाही! लिही. कोणी म्हणजे कोणी नाही. मी उभा असताना इथं सशानं तोंड घातलं नाही."

"कोणी नाही," तूदानं बोट टेकवलं. तिलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बंद आगदालबद्दल याहून चांगलं उत्तर तिनंही लहानपणापासून ऐकलं नव्हतं.

तेवढ्यावर हम्मू थांबला असता तर! पण आयत सीमूरवाले काय सांगतील ही धास्ती त्याच्या डोक्यात बसली होती. तो घरोघर फिरला. जो उभ्या जन्मात कोणाच्या दारी चहाला बसला नाही, तो आता पुदिन्याच्या चहाचे पेले रिचवत प्रत्येकाकडून उत्तर घेत होता.

"हे बघ, आगदालचा प्रश्न आला की काय सांगायचं?"

"कोणी नाही, दद्दा."

"तुझी मेंढरं?"

"नाही."

"चोरून? गेल्या साली?"

"अल्लाची शपथ नाही!" हे म्हणताना दोघांतिघांच्या नजरा चहात बुडाल्या. हम्मूनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच सोडून दिलं. त्याला उत्तर हवं होतं. तसंही, आत चारतो असं हम्मूच्या तोंडावर कबूल करील असा माणूस आमच्यात जन्माला यायचा होता. आपला गुन्हा आपणच कोण लिहून देतं? म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं, गुराख्यांनी दिलं, तान्हं पोर कडेवर घेतलेल्या बायकांनी दिलं. सगळ्या नकाशात इतकी एकमुखी साक्ष दुसऱ्या कशावरच नव्हती. संस्थेतल्या माणसानं तूदाला शाबासकी दिली, एवढी एकवाक्यता आपण कुठं पाहिली नाही म्हणून.

पुढच्या वसंतात, आगदाल नुकतंच बंद झालेलं असताना, तूदा खेचरही न घेता धापा टाकत वर आली. हम्मू दगडाला टेकून जवाची भाकरी ताकात बुडवून खात होता.

"बस. खा," तो म्हणाला.

ती बसली नाही. "दद्दा, कचेरीत यादी लागलीय. आगदाल त्यात आहे. वापरात नसलेली जमीन म्हणून. सफरचंदांच्या बागेला देणार आहेत, लांब मुदतीच्या भाड्यानं. कुंपण घालणार."

"कोण म्हणतं वापरात नाही? आयत सीमूर?"

"आपण, दद्दा. आपण म्हणतो. कोण चारतं, तर कोणी नाही. सगळ्या जमातीनं सांगितलंय. कचेरीनं आपलीच साक्ष आपल्यापुढे ठेवलीय. त्यांचा माणूस म्हणाला, बाई, एवढा स्पष्ट पुरावा आम्हाला सहसा मिळत नाही."

हम्मूनं हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला समजायला वेळ लागला. आणि समजलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. राखलेलं आणि टाकलेलं यात फरक न करणारी माणसं जगात असतील, आणि तीच जमिनींचा निवाडा करत असतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मी घरोघर गेलो," तो म्हणाला.

"प्रश्न मी वाचला होता, दद्दा. मला कळायला हवं होतं. चूक माझी."

"तू नुसतं बोट टेकवलंस," हम्मू म्हणाला. "वदवून मी घेतलं." त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं कुठलं रोजचं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

हरकत घ्यायला मुदत होती. तूदानं धावाधाव केली, अर्ज केले, राबातला हेलपाटे घातले. शेवटी कचेरीनं एवढं मान्य केलं, की अधिकारी प्रत्यक्ष येतील, जागा बघतील, लोकांची नव्यानं उत्तरं घेतील. जमीन वापरात दिसली तर यादीतून काढतील. येण्याची तारीख मे महिन्यातली होती. मे महिन्यात आगदालचं गवत जेमतेम वीतभर वाढलेलं असतं आणि फुलाची कळीही धरलेली नसते.

त्यावर बैठक बसली. असली बैठक आमच्या गावानं पाहिली नव्हती. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि कोणी ते तोंडातून काढत नव्हतं. शेवटी बाअद्दी बोलला. बाअद्दी आमच्यातलाच, पण राहायचा शहरात. भाड्याच्या गुराख्यांवर मोठे कळप सोडायचा आणि ट्रकमधून मेंढरं फिरवायचा. सोनेरी दात दाखवत तो म्हणाला, "एवढं काय सुतक धरलंय? ते येतील तेव्हा कळप आत पाहिजेत. उघडा आणि मोकळे व्हा."

"मे महिन्यात उघडलं तर बी पडायचं नाही," हम्मू म्हणाला. "पुढच्या साली काय चाराल, दगड?"

"आणि नाही उघडलं तर पुढच्या साली कुंपणाबाहेरून सफरचंदं बघाल. काय हवं ते सांगा."

हम्मूनं तूदाकडे पाहिलं. "दुसरी वाट नाही? त्यांना सांगता नाही येत, की आम्ही राखतो? राखणं हाच वापर?"

"सांगितलं, दद्दा. त्या नकाशात तीनच उत्तरं आहेत. बारमाही, कधीकधी, किंवा नाही. कधीकधी म्हटलं तर उरलेल्या काळासाठी ते दुसऱ्याला देऊ शकतात. आम्ही संस्थेला चौथं उत्तर घालायला सांगितलंय. पुढच्या खेपेला बघू म्हणाले."

म्हाताऱ्यांनी मान खाली घालून संमती दिली. मग सगळ्यांनी हम्मूकडे पाहिलं, कारण आगदाल उघडण्याची हाक राखणदारानंच द्यायची असते. दुसऱ्या कोणी दिली तर ती चोरी.

त्या सकाळी थंडी होती. अधिकारी दोन गाड्यांतून आले. भले लोक होते, खरं सांगायचं तर. त्यांतला मोठा साहेब खिशातले बदाम काढून सगळ्यांना देत होता आणि "वा, काय जागा आहे" म्हणत होता. कळप हद्दीवर दाटून उभे होते. एरवी उघडण्याच्या दिवशी बायका गाणी म्हणतात, पहिलं दूध दर्ग्यात जातं, पोरं आधीच्या रात्रीपासून तंबू ठोकून बसलेली असतात. त्या दिवशी फक्त मेंढरं ओरडत होती. हम्मूनं तोंडाशी हात नेले. मग परत खाली घेतले. इत्तो मागून हळूच म्हणाली, "द्या आता. माणसं बघतायत." तेव्हा त्यानं हाक दिली.

मेंढरं आत घुसली. ओल्या जमिनीत खूर रुतत होते, कोवळं गवत चावलं न जाता मुळासकट उपटून येत होतं. हम्मूचे पाय हद्दीच्या बाहेरच राहिले. त्याचा स्वतःचा लहानसा कळप इत्तोनं आत नेला, कारण साहेबानं मोजणी चालवली होती आणि एक घर कमी दिसायला नको होतं. लोकांनी फोन काढले. कोण चारतं? आम्ही. कधी? बारमाही. या खेपेलाही सगळ्यांचं उत्तर एकच होतं. हम्मूपाशी एक तरुण अधिकारी आला तेव्हा तूदा मधे पडायला निघाली, पण हम्मूनंच तिला हातानं थांबवलं.

"बारमाही," तो म्हणाला. आयुष्यात जमिनीबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही साक्षीत.

आम्ही जिंकलो. हिवाळ्याच्या आधी शिक्क्याचा कागद आला: आयत उझ्रू जमातीची सामाईक चराईची जमीन, बारमाही वापर. बागवाल्यानं दुसरी जागा शोधली. आयत सीमूरवाले जळून खाक झाले. गावात मेंढे कापले, ढोल वाजले, तूदाला बायकांनी मध्ये घेऊन नाचवलं. ती नाचली, पण तिची नजर सारखी हम्मूचं घर शोधत होती. हम्मू आला नव्हता. अंगात कणकण आहे म्हणून त्यानं निरोप पाठवला, आणि तो खोटा आहे हे ओळखूनही कोणी त्याला बोलवायला गेलं नाही. आनंदाच्या दिवशी कोणालाच नको असतात असली तोंडं.

पुढच्या वसंतात बैठकीनं नेहमीप्रमाणे आगदाल बंद केलं. नेहमीप्रमाणे हम्मूनं दगडांना चुना फासला आणि उभा राहिला. गवत विरळ आलं होतं. जिथं खुरांनी चिखल झाला होता तिथं काटेरी झुडपं उगवली होती, जी गाढवसुद्धा खात नाही. तरी मधल्या उतारावर हिरवं होतं. दोन वर्षं जपलं तर सगळं भरून येईल, असा त्याचा हिशेब होता. हाच हिशेब त्याला धरून ठेवत होता.

मग एका सकाळी बाअद्दीचे ट्रक घाट चढून आले. मागची फळी उघडली आणि मेंढरं धडाधड खाली उतरली. बाअद्दी स्वतः बरोबर होता.

"मागे फीर!" हम्मूनं दगडावर काठी आपटली.

"दद्दा, ओरडू नका, घसा बसेल," बाअद्दी अगदी प्रेमानं म्हणाला. त्यानं फोन काढून हम्मूच्या डोळ्यांसमोर धरला. नकाशात आगदाल हिरवंगार रंगवलेलं होतं. "काय लिहिलंय? आयत उझ्रू. मी आयत उझ्रू आहे की नाही? आणि पुढे काय लिहिलंय? बारमाही. आता एप्रिल चालू आहे. एप्रिल बारा महिन्यांतला आहे ना?"

"बैठकीनं बंद केलंय."

"बैठकीचा शिक्का कुठाय? माझ्याकडे सरकारचा आहे. साक्ष तुम्हीच दिलीत, दद्दा. सगळ्यांनी ऐकलीय."

हम्मूनं काठी आडवी धरली. भाड्याचे दोन गुराखी बाजूनं कळप घेऊन गेले. ते परमुलखातले होते, त्यांना हम्मू कोण ते ठाऊकच नव्हतं. एक माणूस कळपाला अडवू शकत नाही. आजवर अडवत होती ती त्याची काठी नव्हती, लोकांची लाज होती, आणि ती आता कोणाला वाटण्याचं कारण उरलं नव्हतं.

हम्मू तूदाला घेऊन तालुक्याला गेला. कचेरीतला कारकून सरळ बोलला. "आजोबा, मी त्याला कुठल्या कलमाखाली अडवू? तुमच्याच जमातीचा माणूस, तुमचीच जमीन, बारमाही वापर."

"दुरुस्ती करा," तूदा म्हणाली.

"करता येईल. मग लिहावं लागेल की चार महिने तिथं कोणी चारत नाही. तेवढं लिहिलं की फाइल परत त्या यादीत जाते. तुम्ही सांगा, लिहू?"

दोघं बाहेर आली. तूदा भिंतीला टेकून रडायला लागली. शहरातल्या रस्त्यात, माणसांसमोर, तोंड न झाकता. हम्मूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला रागवावं असं त्याला कुठंतरी वाटत होतं. पण ती सगळ्यांत जास्त पळाली होती, हे तो विसरला नव्हता. "चल," तो एवढंच म्हणाला. "बस चुकेल."

बैठकीनं बाअद्दीला दंड ठोकला. त्यानं निरोप पाठवला, की दंड वसूल करायचा असेल तर कचेरीत या. त्यानंतर आठवडाभर बाकीचे कळप बाहेरच राहिले. मग विहिरीजवळच्या घराची मेंढरं पहाटे आत दिसली. मग मोकद्दमच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या, भावाची. हम्मूनं अडवलं तेव्हा त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, मान खाली घालून म्हणाले, "दद्दा, बाअद्दीनं सगळं खाल्लं तर आमच्या पोरांनी काय खायचं?" याला उत्तर नव्हतं. बायकोला ज्यानं सोडलं नाही त्या माणसानं काठी खाली घेतली. शेवटी सगळंच गाव आत होतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या आधी पोचायला धडपडत होता, आणि उतारावरचं हिरवं डोळ्यांदेखत कमी होत होतं.

फक्त हम्मूचा कळप बाहेर होता. त्याच्या मेंढ्या त्याच दिवसांत व्यायल्या होत्या. खालच्या रानात पाला नव्हता, आयांना दूध नव्हतं. दोन कोकरं मेली. तिसरं इत्तोनं चुलीपाशी कपड्यात गुंडाळून ठेवलं आणि बोटानं ताक चाटवत बसली. तेही दुपारपर्यंत गेलं.

तिनं ते उचलून नवऱ्यापुढे ठेवलं. टोमणा मारला नाही. या बाईनं टोमणा मारला असता तर हम्मूला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही कोणासाठी उभे आहात? मला सांगा. मी पण तिथं येऊन उभी राहते."



हम्मू उठला. गोठ्याचं दार काढलं, उरलेल्या मेंढ्या आणि कोकरं बाहेर घेतली आणि वर निघाला. चढावर मेंढ्या सारख्या थांबत होत्या, त्यांच्यात ताकद नव्हती. हद्दीशी आल्यावर त्या आपणहून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना तीच सवय लागली होती. आत लोक होते. त्यांनी हम्मूला पाहिलं आणि पाठी फिरवल्या. हम्मू दगडापाशी थांबला. बंद आगदालात कळप घेऊन आलेल्या माणसाला कोणीतरी ओरडावं, काठी आपटावी, मागे फिरवावं, म्हणून तो बराच वेळ वाट पाहत राहिला. कोणी आलं नाही. तेव्हा त्यानं पुढच्या मेंढीला ढकललं.